नवा तंबोरा मनासारखा बोलत नसेल तर कारागिराला काय सांगायचं?

तंबोरा घरी आला, हळदकुंकू वाहून झालं, शेजारी पेढे गेले. संध्याकाळी खोळ काढून बसलात, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची तार छेडली, तर ती नुसती 'ठब्ब' म्हणाली. आस नाही, गुंजन नाही. कित्येक महिने वाट बघून, आगाऊ पैसे देऊन करून घेतलेलं वाद्य. आता ज्यानं बनवलं त्याला फोन करून सांगायचं काय? 'आवाज आवडला नाही' म्हणावं तर माणूस दुखावतो, आणि गप्प बसावं तर रोज रियाझाला बसताना आपलीच चिडचिड होते.

मी ख्याल शिकते. आजवर दोन तंबोरे मिरजेत करून घेतले आणि दोन्ही एकेकदा परत न्यावे लागले. पहिल्या वेळी चूक बहुतेक माझीच निघाली, दुसऱ्या वेळी कारागिराची. पुढे जे लिहिलंय ते त्या दोन फेऱ्यांतून आणि सतारमेकर गल्लीत घालवलेल्या तासांतून शिकलेलं आहे.

फोन उचलण्याआधी

आधी स्वतःचा हात तपासा. नवीन माणूस तंबोरा सतारीसारखा वाजवतो, म्हणजे नखानं किंवा बोटाच्या टोकानं तार ओढून सोडतो. असं केलं की कुठलाही तंबोरा कर्कश लागतो. पंचमाची तार मधल्या बोटानं, जोडाच्या (मधल्या, 'सा'च्या) दोन्ही आणि खर्ज तर्जनीनं, बोटाचा मांसल भाग तारेवरून सरकवत छेडायची असते. दांडीच्या साधारण मध्यावर, घोडीजवळ (तारा ज्यावर टेकतात त्या पुलाजवळ) नाही. आठवडाभर असं वाजवून बघा. माझ्या पहिल्या तंबोऱ्याच्या तक्रारीतली निम्मी तक्रार इथेच संपली होती, पण ते मला मिरजेत पोचल्यावर कळलं.

मग वाद्य कुठल्या पट्टीसाठी, म्हणजे हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीवरच्या 'सा'साठी बनवलंय ते आठवा. पुरुषांचा तंबोरा लांब असतो आणि साधारण पांढरी १ ते काळी २ या पट्ट्यांत बोलतो. बायकांचा आखूड, काळी ४, पांढरी ६, काळी ५ असा. काळी १ साठी बांधलेल्या तंबोऱ्यावर तुम्ही काळी ४ लावायला गेलात तर तारा ताणून ताणून तुटतील. उलट केलंत तर सैल तारा फडफडतील. याला बिघाड म्हणत नाहीत. तारांची जाडी बदलून थोडंफार जुळवता येतं, पण दीड-दोन सुरांपलीकडे वाद्यच वेगळं लागतं. ऑर्डर देताना पट्टी लिहून दिली होती का, हे आधी शोधा. नसेल दिली तर तक्रारीचा सूर थोडा खाली आणा.

तिसरी गोष्ट दोरा. घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा असतो, तो केसभर पुढे-मागे केला की आवाज उघडतो किंवा मिटतो. प्रवासात तो हमखास हलतो, घामानं आणि धुळीनं बसतोही. चारही दोरे काढा, साधं, कमी पिळाचं सुती सूत घ्या, खर्जासाठी जरा जाड, आणि हळूहळू सरकवत आवाज कुठे फुलतो ते शोधा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, मान दुखेल. एकदा जागा सापडली की घोडीच्या कडेला पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवा.

तारा गंजल्या असतील किंवा खर्जाची पितळी तार काळी पडली असेल तर बदला. पण एका वेळी एकच तार उतरवा. सगळ्या एकदम सैल केल्या तर घोडी जागेवरून सरकते, आणि मग मूळ दोष कुठला आणि तुम्ही केलेला कुठला, हे कारागिरालाही सांगता येत नाही.

शेवटी कुठे सैल आवाज येतो का बघा. एक जण तार छेडतो, दुसरा एकेका भागावर बोट दाबून धरतो: मणी (सूर बारीक मिळवायला तारेत ओवलेले), खुंट्या, तारदान, नक्षीची पट्टी. करकर थांबली की दोष तिथेच. नक्षीची एक पट्टी सुटलेली असली तरी अख्खा तंबोरा फाटल्यासारखा वाजतो.

खटकतंय ते शब्दांत पकडा

कारागिराला 'मजा येत नाही' या वाक्याचा काही उपयोग नसतो. त्याला तार हवी, पट्टी हवी आणि आवाजाचं वर्णन हवं. गल्लीतले शब्द फार नेमके आहेत, ते वापरा. आवाज लगेच मरत असेल तर 'आस कमी आहे'. दाबलेला, कापसात गुंडाळल्यासारखा असेल तर 'जवारी बंद आहे' (जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याचा घडवलेला उतार, त्याबद्दल पुढे). पसरट, नाकातून आल्यासारखा असेल तर 'जवारी फार उघडली'. धातूचा खडखडाट असेल तर 'तार करकरते'. तीन तारा गोड आणि एकच वेगळी पडत असेल तर तेच सांगा, कारण तो दोष एका तारेपुरता असतो आणि बहुधा लवकर निघतो.

एक कसोटी कुणालाही करता येते. खर्ज नीट मिळवा, छेडा आणि कान देऊन ऐका. चांगल्या तंबोऱ्यात त्या एका तारेतूनच वर गंधार उमटतो, त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. पंचमाच्या तारेतून तसाच रिषभ आणि निषाद डोकावतो. हे स्वर कुणी लावलेले नसतात, तारेतच असतात, घोडी त्यांना वर आणते. म्हणून 'खर्जातून गंधार येत नाही' हे वाक्य ऐकलं की कारागीर बाकी काही विचारत नाही, तंबोरा घेऊन या म्हणतो. गंधार ऐकायला कान तयार नसेल तर गुरूंना किंवा शिकलेल्या मैत्रिणीला शेजारी बसवा.

जोडाच्या दोन तारा एकमेकींत विरघळलेल्या आहेत ना, हेही बघा. थोडं जरी अंतर असलं तरी आवाजात लाटा येतात, आणि नवखा माणूस त्या लाटांना 'वाद्यात कंप आहे' म्हणतो.

जवारी, म्हणजे नेमकं काय बिघडू शकतं

तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते आणि त्या टेकण्या-सुटण्यातून वरचे स्वर बाहेर पडतात. हा उतार घडवणं म्हणजे जवारी काढणं. कानस, पाते, बारीक पॉलिश पेपर आणि कान, एवढंच सामान. मिरजेतली ही घराणी मुळात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या कारागिरापासून ती वाद्यांकडे वळली. गल्लीत बसून कानशीचा हात बघितला की ते पटतं.

नवख्यानं इथे एक लक्षात ठेवायचं: घोडीवरून घासून काढलेलं परत लावता येत नाही. 'अजून उघडा, अजून उघडा' असं म्हणत बसलात तर एका क्षणी आवाज पातळ होऊन नाकात जातो आणि मग घोडीचा माथाच नवा बसवावा लागतो. म्हणून प्रत्येक वेळी थोडं, आणि ऐकून मगच पुढचं. घाई आपणच करतो, कारागीर करत नाही.

घोडी कशाची हवी, हाही प्रश्न येतो. कुणी जुना माणूस तुम्हाला हस्तिदंत किंवा सांबरशिंगाची घोडी मागायला सांगेल. ऐकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते गुन्ह्यात जातं. उंटाचं हाड, शिसवी किंवा चांगला कृत्रिम पदार्थ, यांवर उत्तम जवारी निघते.

जवारीखेरीजचे दोष कमी पण जड. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो सांधा उघडणं, तबकडीला (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला) चीर, दांडी वाकणं, खुंटी न धरणं. खुंटी सरकत असेल तर काढून तिला थोडा खडू चोळून बघा, बहुतेक वेळा धरते. दांडी बघायला खुंट्यांच्या बाजूनं एक डोळा मिटून बंदुकीचा नेम धरतात तसं बघा. वाकलेली असेल तर स्वतः काही करू नका.

फोन आणि रेकॉर्डिंग

पहिला फोन दुपारी करा. सकाळी कारागीर कामात असतो आणि संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव असतो, त्याच्या आधीच्या आठवड्यांत मला तरी मिरजेत कुणीच निवांत सापडलेलं नाही. मोठमोठ्या गायकांचे तंबोरे तेव्हा जवारीसाठी रांगेत असतात.

व्हिडिओ कॉलवर तंबोरा ऐकवू नका. फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय सलग आवाजाला पंखा समजते आणि गिळून टाकते. पलीकडे चाचांना, म्हणजे बुजुर्ग कारागिराला, फक्त तुमचं बोट हललेलं दिसतं. झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू केलं तर थोडं बरं. त्यापेक्षा शांत खोलीत, पंखा बंद करून, फोन घोडीपासून हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा. आधी एकेक तार चार वेळा, मग चारही तारा मिनिटभर. व्हॉट्सॲपवर ती फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दाबला जातो. सोबत घोडीचे दोन फोटो, एक वरून आणि एक बाजूनं.

मी दुसऱ्या वेळी पाठवलेला निरोप जवळजवळ असा होता:

'नमस्कार चाचा. मार्चमध्ये तुमच्याकडून नेलेला काळी ४ चा तंबोरा. पंचम आणि दोन्ही जोड छान बोलतात. खर्जाला आस नाही, गंधार ऐकू येत नाही. दोरा बदलला, तार नवी घातली, फरक नाही. मणी, खुंटी सगळं दाबून बघितलं, कुठे सैल नाही. रेकॉर्डिंग पाठवते आहे. तुम्ही सांगाल तेव्हा घेऊन येते.'

यात चांगलं काय आहे ते आधी आलं, दोष एका तारेवर आणला, आपण काय करून बघितलं ते सांगितलं, आणि निदान त्यांच्यावर सोडलं. 'घोडी चुकीची बसवली आहे' असं मी लिहिलं नाही, जरी मला तसा संशय होता. निदान आपण केलं की समोरचा माणूस वाद्य बघण्याऐवजी आपलं निदान खोडायला बसतो.

उत्तर बहुधा येईल: 'वाजवत राहा ताई, महिनाभरात खुलेल.' हे काही अंशी खरं आहे. नवं तूण लाकूड आणि नवा भोपळा बसायला वेळ घेतात, तारा ताण धरतात. महिना द्या. पण रोज वाजवून द्या आणि महिन्यानं त्याच खोलीत, त्याच अंतरावरून पुन्हा रेकॉर्ड करा. दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवली की वाद राहत नाही.

पावसाळ्यात मात्र घाई नको. दमट हवेत लाकूड फुगतं आणि जुलैत काढलेली जवारी कोरड्या हवेत वेगळी वागते. सांधा उघडला नसेल तर दसऱ्यापर्यंत थांबा.

न्यायचं कसं

भोपळा हे तंबोऱ्याचं सगळ्यात नाजूक अंग. पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून तो येतो, आणि वाळल्यावर तो अंड्याच्या टरफलासारखाच वागतो: दाब सोसतो, ठोसा सोसत नाही. निघण्याआधी तारा दोन-एक सूर उतरवा, अगदी सैल नको. घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापड खोचा म्हणजे ती सरकणार नाही. भोपळ्याखाली चादरीची चुंबळ. मुंबई-पुण्याहून मिरजेला थेट गाड्या आहेत, रात्रीच्या गाडीत वरचा बर्थ घ्या आणि तंबोरा स्वतःजवळ आडवा ठेवा. बसच्या डिकीत कधीही नाही. कुरिअरनं पाठवण्यापेक्षा एक दिवस रजा काढलेली बरी, कारण जवारी तुमच्या कानासमोर झाली पाहिजे.

वाद्य मुंबई-पुण्याच्या दुकानातून घेतलं असेल तर आधी दुकानदाराकडूनच कारागिराचं नाव मिळवा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीपासूनच 'मिरजेचा' हा शब्द बरीच दुकानं सैल हातानं वापरतात. ज्याच्या हातचं नाही ते त्याच्याकडे दुरुस्तीला नेणं म्हणजे नुसता प्रवास.

समोर बसल्यावर

पहिल्या फेरीत तिथल्या चाचांनी माझं गाऱ्हाणं ऐकलं, 'हं' म्हणाले, तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि चारही दोरे उपटून टाकले. 'आता ऐका, हा त्याचा खरा आवाज.' मग मला छेडायला दिला. दोनदा छेडल्यावर हात धरून थांबवलं. 'ताई, तार ओढू नका. नुसतं बोट जाऊ द्या.' मी लाल झाले. आवाज तिथेच बदलला. तरी त्यांनी जोडाची एक तार बाजूला सारून घोडीवर कानशीचे मोजून दोन हात मारले, फुंकर घातली, तार परत बसवली, मिळवली, ऐकली. पुन्हा बाजूला, पुन्हा एक हात. दोन तास हेच. मध्ये चहा. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या फेरीतलं दुकान वेगळं आणि माणूस तरुण होता. त्यानं खर्ज ऐकला आणि दोरा सरकवायला लागला. पाऊण तास. गंधार काही येईना. तो म्हणाला, 'भोपळाच असा आहे, आवाज गोलच राहणार.' मी वाद घातला नाही. पर्समधून तिकिटाचा कागद काढला आणि घोडीच्या पायाखाली सरकवून बघू का, असं विचारलं. एका पायाखाली तो अडला. दुसऱ्या, खर्जाकडच्या पायाखाली निम्मा आत गेला. पाय तबकडीवर टेकलेलाच नव्हता, म्हणजे खर्जाचा कंप भोपळ्यापर्यंत पोचतच नव्हता. त्यानं कागदाकडे बघितलं, आत जाऊन वडिलांना बोलावलं. वडिलांनी घोडी उतरवून पायाचा तळ पात्यानं घासून तबकडीला बसता केला, मग जवारी पहिल्यापासून काढली. संध्याकाळी खर्ज लावला आणि गंधार असा आला की दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

ही कागदाची युक्ती घरीच करा, मीही तेव्हा घरीच करायला हवी होती. आणि दाखवायचं ते विचारण्याच्या सुरात दाखवा.

दुकानात आणखी दोन गोष्टींचा आग्रह धरा. जवारी तुमच्याच पट्टीत लावून घ्या. कारागीर सवयीनं त्याला सोयीची पट्टी लावतो, आणि घरी तुमच्या पट्टीत तोच तंबोरा परका वाटतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा फोनवरचं ॲप सोबत ठेवा. दुसरं, काम झाल्यावर दुकानाच्या गजबजाटात निर्णय देऊ नका. मागच्या खोलीत किंवा अंगणात नेऊन पाच मिनिटं, स्वतःच्या हातानं वाजवून, थोडं गाऊन बघा. तंबोरा आपल्याला गाण्यासाठी हवा असतो, नुसता ऐकायला नव्हे.

पैशाचं काय

हे बोलणं काम सुरू होण्याआधी करा, नंतर दोघांनाही अवघड जातं. माझ्या मते नव्या वाद्याची पहिली जवारी, नक्षीच्या सैल पट्ट्या, न धरणारी खुंटी, न टेकलेली घोडी आणि आपोआप उघडलेला सांधा, हे सगळं कारागिरानं स्वतःहून करून द्यावं, आणि चांगले कारागीर देतातही. तुमच्या हातून पडलं, तुम्ही पट्टी बदलायला निघालात, किंवा वर्ष-दोन वर्षांच्या रियाझानं घोडीवर तारांच्या खाचा पडल्या, तर त्याचे पैसे द्यायचे. फुकट केलं तरी तारांचे पैसे द्या आणि चहा तुम्ही पाजा.

बदलून मागण्याची वेळ क्वचित येते: दांडी वाकलेली, तबकडीला चीर, किंवा ठरवलेली पट्टीच वेगळी. अशा वेळी 'दुरुस्त करून द्या' म्हणत बसू नका, सरळ 'हा ठेवून घ्या, दुसरा बांधून द्या' म्हणा आणि तारीख कागदावर लिहून घ्या. तबकडी उघडून आतून पातळ करून देतो असं कुणी म्हणालं तर मी नकार देईन. जमलं तर जादू, पण चुकलं तर हातात काहीच उरत नाही.

परदेशात असाल तर थंडीतल्या हीटरनं हवा इतकी कोरडी होते की सांधे आणि खुंट्या बोलायला लागतात. तंबोऱ्याच्या खोलीत पाण्याचं उघडं भांडं ठेवा आणि जवारीसाठी भारतभेटीचा मुहूर्त धरा. घोडी तेवढी काढून टपालानं पाठवा, असं कुणी सुचवतं. तबकडीवर बसवून, तार ताणूनच जवारी काढायची असल्यामुळे त्याचा उपयोग होत नाही.

घरी परत आल्यावर

त्याच रात्री लावू नका. एक दिवस खोलीची हवा लागू द्या, मग तारा थोड्या थोड्या चढवा, खर्ज सगळ्यात शेवटी. आधी दोऱ्याशिवाय ऐका, मग दोरा घाला. पेन्सिलीची जुनी खूण आता चुकीची झालेली असते, कारण घोडीचा उतार बदलला. ती पुसून नवी करा, आणि मिरजेतल्या खोलीत जो गंधार ऐकला होता तो येईपर्यंत दोरा सरकवत राहा.